अकरावी-बारावीला पैशाचं काय शिकवावं? आधी पगारपत्रक, शेअर बाजार शेवटी

प्रश्न: मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. यंदा अकरावी-बारावीला आठवड्यातला एक तास आर्थिक साक्षरतेसाठी मिळाला आहे. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही. कला, वाणिज्य, विज्ञान अशी मिश्र मुलं आहेत आणि बारावीनंतर त्यातली बरीच घराबाहेर राहतील. पालकांचा आग्रह एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) आणि शेअर बाजार शिकवा असा आहे. सुरुवात कुठून करू आणि काय गाळू?

उत्तर:

सुरुवात पगारपत्रकापासून करा. शेअर बाजार वर्षाच्या शेवटी, उरलेल्या तासांत घ्या. पालक कुरकुर करतील. करू देत.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यातल्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत असेच तास घेते. नोकरीत कर्जविभागात बसायचे. बावीस-तेविसाव्या वर्षी सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, बिघडवून बसलेली पोरं तिथे समोर यायची. चुकीचा म्युच्युअल फंड घेतला म्हणून त्यातलं कुणी अडकलेलं मला आठवत नाही. कुणी हप्त्यावर फोन घेऊन हप्ते चुकवलेले, कुणी मित्राला जामीन राहिलेलं, कुणी क्रेडिट कार्डाची किमान रक्कम तेवढी भरत गेलेलं. अठरा वर्षांच्या मुलाकडे गुंतवायला असतं काय? सही मात्र असते आणि अठराव्या वाढदिवसापासून तिला किंमत येते. १८७२ चा करार कायदा अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाचा करार मानतच नाही, आणि तुमच्या बारावीच्या वर्गात तर वर्षभर कुणी ना कुणी सज्ञान होत असणार. म्हणून मी सगळे तास एकाच सवयीभोवती बांधते: पुढ्यात आलेला कागद पूर्ण वाचायचा, त्यातला आकडा स्वतः मांडून बघायचा, मग सही.

गणिताची भीती बाळगू नका. राज्य मंडळाच्या नववी आणि दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरणच आहे. नववीला आयकर, दहावीला जीएसटी आणि शेअर्स. चक्रवाढ व्याज आठवीलाच होऊन जातं. म्हणजे तुमच्या मुलांनी सीजीएसटी-एसजीएसटीची (जीएसटीतला केंद्राचा आणि राज्याचा वाटा) उदाहरणं मार्कांसाठी घोटलेली आहेत. पण त्याच मुलांच्या हातात हॉटेलचं बिल दिलं, की सर्व्हिस चार्ज हा कर नाही आणि तो सक्तीने घेता येत नाही, हे दहातल्या एकालाही सांगता येत नाही. आकडेमोड त्यांना येते. खरा कागद कुणी दाखवलेला नसतो, एवढंच.

आता पगारपत्रकाचा तास जरा सविस्तर सांगते, कारण बाकीचे तास याच धर्तीवर जातात.

फळ्यावर लिहा: ‘पॅकेज ३ लाख’. विचारा, महिन्याला हातात किती? सगळा वर्ग एका सुरात पंचवीस हजार म्हणतो. मग प्रत्येक बाकावर नियुक्तिपत्राची एक प्रत द्या, नावं-गावं काल्पनिक. त्यात मूळ वेतन १२,५०० आहे. कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १,५०० भरते, आणि तो याच तीन लाखांत धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद म्हणून ६०१ रुपये दाखवलेत, तेही त्यातच. पंचवीस हजारांतून हे दोन वजा जाता पगारपत्रकावरचा एकूण पगार उरतो २२,८९९. त्यातून मुलाच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,५००. व्यवसाय कर २००. हातात येतात २१,१९९. इथे वर्गात पहिली चुळबुळ होते.

दुसरी चुळबुळ मुलींचा आकडा काढायला सांगितला की होते. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. मुलींच्या हातात २१,३९९. मुलं लगेच ‘हे अन्यायाचं आहे’ म्हणून उठतात, मुली उत्तरं देतात, आणि दहा मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागत नाही. या गोंधळातच सांगून टाका की फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० च्या जागी ३०० कापतात, म्हणून वर्षाचे २,५०० होतात. पहिल्या नोकरीत फेब्रुवारीचा पगार शंभराने कमी आला म्हणून एचआरकडे धावणारे खूप असतात.

मग पीएफ. ‘कापला’ हा शब्द मुलांच्या तोंडी घरूनच आलेला असतो. तो पैसा त्यांचाच आहे, यूएएन, म्हणजे पीएफचा खातेदार क्रमांक, आयुष्यभर एकच राहतो आणि नोकरी बदलली की पैसे काढायचे नसतात, खातं पुढे न्यायचं असतं, हे तीनदा सांगा. थोडी हुशार मुलं असतील तर कंपनीच्या १,५०० मधले १,०४१ पेन्शन योजनेत जातात आणि पीएफ खात्यात ४५९ च दिसतात, हेही दाखवा. पुढे पासबुक उघडल्यावर ‘कंपनीने पैसे खाल्ले’ असं वाटायला नको. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं झाल्यावर मिळते. म्हणजे दीड वर्षात नोकरी सोडणाऱ्यासाठी तो आकडा फक्त कागदावरच. आयकरावर वेळ घालवू नका, या पगाराला तो लागत नाही.

हा तास झाल्याबरोबर शैक्षणिक कर्जाचा घ्या. मध्ये दुसरं काही घुसवू नका.

उदाहरण असं: चार वर्षांचा कोर्स, दर वर्षी दीड लाख, एकूण ६ लाख. व्याज सोयीसाठी १० टक्के धरा. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. मुलं म्हणतात, छान, मग काळजी नाही. पण व्याज थांबलेलं नसतं. सरळ व्याजाने पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर चार वर्षांचे ६० हजार, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३०. बेरीज २ लाख १० हजार. पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ६ लाख नसतं, ८ लाख १० हजार असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,७००.

आता मागच्या तासाचा कागद काढायला सांगा. हातात २१,१९९, हप्ता १०,७००. वर्ग गप्प होतो. इथे तुम्ही उपदेश करू नका, पुढचा प्रश्न विचारा: शिकत असतानाच व्याज भरत गेलो तर? पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, असं चढत जातं. तेवढं जमलं तर हप्ता सुमारे ७,९०० वर येतो. ज्यांचे पालक एवढं भरू शकतात त्यांनी घरी जाऊन हे बोलायचं. ज्यांना शक्य नाही त्यांनी कोर्स निवडतानाच विचार करायचा, की या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांना खरंच किती पगार मिळतो. माहितीपत्रकातलं ‘सर्वोच्च पॅकेज’ बघायचं नाही. मधल्या मुलाला किती मिळाला ते विचारायचं.

याच तासाला मदतीच्या वाटा सांगा, कारण दरवर्षी त्या हातच्या जातात. राज्यात २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, संस्थेच्या कोट्यातून घेतला की सवलत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. शिष्यवृत्त्या महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून येतात, आणि थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. घोडं नेमकं इथे अडतं. मुलाचं खातं शाळेत असताना ‘अज्ञान’ म्हणून उघडलेलं असतं. अठरा पूर्ण झाले की बँकेला नवी सही, नवं केवायसी लागतं. ते केलं नाही तर खात्यातले व्यवहार थांबतात, आणि शिष्यवृत्ती यायची वेळ नेमकी तीच असते. वाढदिवसाच्या आठवड्यात आधार आणि पॅन घेऊन बँकेत जाऊन यायचं, हा मी गृहपाठच देते.

यानंतर भाड्याचं घर. पुण्यात शिकवत असाल तर या विषयाला साहित्य शोधावं लागत नाही. मुलांचे गट करा आणि भाव काढायला पाठवा. एक गट सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने) जागा विचारायला, एक कर्वेनगरला फ्लॅटमधल्या शेअरिंगची चौकशी करायला, एक मेसचा महिना विचारायला, एक अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची किंमत काढायला. आकडे तुम्ही देऊ नका, त्यांनीच आणू देत. महिन्याचा ताळा ते मांडतात आणि दर वेळी त्याच गोष्टी विसरतात: रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा खायचं काय, पाण्याचा जार, इस्त्री, परीक्षेचा फॉर्म, झेरॉक्स, आजारी पडल्यावर डॉक्टर, सणाला घरी जायचं तिकीट. मेसला खाडा किती दिवस आधी सांगायचा आणि किती दिवसांच्या पुढे धरतात, हे विचारून येणारा गट हमखास ज्यांच्या घरी कुणी डबे देतं त्या मुलांचा असतो. त्यांना वर्गापुढे बोलू द्या, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग करारनामा वाचायला घ्या. आपल्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याच्या परवानगीचा, करार चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंद नसेल तर भाडेकरू सांगतो त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध करायचं असेल तर मालकाने करायचं. मुलांना हे कळलं की ‘काका, नोंदणी कधी करायची?’ असं विचारायचं बळ येतं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, शहरात नोंदणी फी एक हजार. फार मोठा खर्च नाही, तो कुणी भरायचा ते आधी ठरवायचं. करारात मी मुलांना पाचच ठिकाणी पेन्सिलीने खूण करायला लावते. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगकामाचे पैसे कापणार का आणि किती, लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) किती महिने, सूचना किती आधी द्यायची, सोसायटीचा मेंटेनन्स कुणाकडे. चौघांत फ्लॅट घेतला आणि करार एकाच्याच नावावर असेल, तर बाकी तिघं निघून गेल्यावर भाड्याला उभा कोण, हेही विचारा. पेठेतल्या कॉटला बहुतेकदा असा करार नसतो. तिथे निदान डिपॉझिटची सहीची पावती घ्यायची, पैसे खात्यावरून पाठवायचे आणि आत जाताना खोलीचे फोटो काढून मालकालाच व्हॉट्सॲप करायचे.

जमलं तर महावितरणचं बिल याच तासाला दाखवा. स्थिर आकार, वहन आकार, युनिटचे टप्पे, वीज शुल्क. वेगळा मीटर बसवून युनिटला मनमानी दर लावणारे मालक असतात. खरं बिल वाचता आलं की निदान घासाघीस करता येते.

उधारीवर मी दोन तास देते, कमी पडतात. पहिलं गणित क्रेडिट कार्डाचं. ३० हजारांचा फोन घेतला, महिन्याला साडेतीन टक्के व्याज, किमान भरायची रक्कम ५ टक्के धरली. पहिल्या महिन्यात मुलगा १,५०० भरतो आणि त्याला वाटतं दीड हजार फिटले. व्याज १,०५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९, मिळून १,२३९. मुद्दलातून गेले २६१ रुपये. हे मी सांगत नाही, त्यांनीच वहीत काढायचं. कुणीतरी मागून ओरडतंच, ‘बाई, मग हा फोन फिटणार कधी?’ त्याच मुलाला सहा महिन्यांचा तक्ता करायला द्या. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे जोडून सांगा.

दुसरं गणित सेकंडहँड दुचाकीचं. दुकानदार म्हणतो, ‘६० हजार कर्ज, दोन वर्षं, फक्त १० टक्के फ्लॅट’. व्याज वर्षाला सहा हजार, दोन वर्षांचे बारा. ७२ हजार भागिले २४, हप्ता तीन हजार. सरळ वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ६० हजारांवर लागत राहतं, त्यामुळे घटत्या शिलकीच्या हिशोबाने हा दर सुमारे १८ टक्के पडतो. विज्ञानाची मुलं हे संगणकावर काढून दाखवतात, कलेची मुलं दुकानदाराला काय विचारायचं ते वाक्य नीट तयार करतात: ‘घटत्या शिलकीवर दर किती?’ मिश्र वर्गाचा हा फायदा आहे. बिनव्याजी हप्त्यांचंही तसंच. रोख घेतल्यावर मिळणारी सूट गेली का, प्रक्रिया शुल्क किती, एवढे दोन प्रश्न. गाडीचा विषय निघालाच आहे तर थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो नसताना अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या म्हणजे बहुधा बापाच्या गळ्यात येते, हे सांगून पुढे जा.

फसवणुकीवर भाषण देऊ नका, नाटुकली करा. एक मुलगा गिऱ्हाईक, एक जुनं टेबल विकणारी मुलगी. गिऱ्हाईक म्हणतो पैसे पाठवले आहेत, फक्त पिन टाकून स्वीकारा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला आणि शिल्लक बघायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. हे एक वाक्य पाठ झालं तरी तास सार्थकी लागला. दुसरा प्रवेश जास्त महत्त्वाचा आहे, कारण तो कॉलेजच्या मुलांसाठीच लिहिलेला असतो. ओळखीचा सीनियर म्हणतो, ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, एटीएम कार्ड आणि सिम दे, पाच हजार तुझे.’ मुलाला वाटतं आपल्या खात्यात आहेत कुठे पैसे, जाणार काय? त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे फिरतात, आणि पोलिसांना पहिलं सापडतं ते खातेदाराचं नाव. खातं गोठतं, गुन्हा नोंदला जातो, पुढे पासपोर्ट आणि नोकरीच्या पडताळणीत तो आडवा येतो. हा प्रवेश दोन वेगवेगळ्या मुलांकडून करून घ्या आणि ‘नाही’ म्हणायची वाक्यं मुलांनाच सुचवू द्या. त्यांची वाक्यं आपल्यापेक्षा खरी असतात. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि घरच्यांपासून लपवायचं नाही. मुलं रागाच्या भीतीने पहिले काही तास घालवतात आणि पैसे अडवता येतात ते त्याच तासांत.

बँकांबद्दल एक तास पुरे. ठेवींना विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एकच लाख होतं. पुण्याच्या मुलांना हे समजावणं सोपं जातं, कारण रुपी या सहकारी बँकेची गोष्ट घरातल्या मोठ्यांना ठाऊक असते: २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. ‘आजी-आजोबांना विचारून या’ एवढं म्हटलं की पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग काहीतरी सांगतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो, हे मात्र आवर्जून सांगा. जास्त व्याजाच्या पाट्या तिथेच असतात.

भिशीचाही विषय काढा. पुस्तकी लोक तिला नाकं मुरडतात, पण तुमच्या वर्गातल्या अनेक घरांत पहिला फ्रीज भिशीतून आलेला असतो. दहा जणी, दोन हजार, वीस हजारांची भिशी. पहिल्या महिन्यात उचलणारी खरं तर कर्ज घेते, शेवटी उचलणारी बचत करते. लिलावाची असेल तर वीस हजारांची भिशी साडेसतरात उचलणारी अडीच हजार सोडते आणि ते दहा जणींत अडीचशे-अडीचशे वाटले जातात. व्याज म्हणजे काय, हे याहून चांगलं कुठल्या पुस्तकात नाही. धोकाही सांगा: कागद नसतो, आणि भिशी ओळखीच्या घरांबाहेर गेली की चालवणारी पळाली तर हातात काही राहत नाही.

शेवटी शेअर बाजार. पालक विचारतील तेव्हा त्यांना सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, आकडा सांगा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या वायदे आणि ऑप्शन व्यवहारांत, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक लोकांना तोटा झाला. मुलांच्या फोनवर जे बाजाराचे व्हिडिओ येतात ते बहुतेक याच खेळाचे असतात. म्युच्युअल फंड म्हणजे काय, खर्चाचं प्रमाण कुठे छापलेलं असतं, ‘खात्रीचा परतावा’ हे शब्द दिसले की का उठायचं, हे सगळं दोन तासांत होतं. क्रिप्टो मी गाळते. विम्यात शुद्ध मुदत विमा आणि बचतीचा विमा यांतला फरक अर्ध्या तासात सांगते, त्याहून जास्त नाही.

आता काही गोष्टी वर्गाच्या व्यवस्थेच्या.

घरचं उत्पन्न, घरचं कर्ज, वडिलांचा पगार, हे वर्गात कधीही विचारू नका आणि कुणी सांगू लागलं तर हळूच थांबवा. तुमच्या एका बाकावर हिंजवडीत दोघं आईवडील नोकरीला असलेला मुलगा आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी शेजारी बसलेली असतील. सगळे कागद काल्पनिक नावांचे ठेवा. घरच्या बिलाचा गृहपाठ दिलाच तर नाव, ग्राहक क्रमांक खोडून आणायला सांगा, आणि ज्याला आणायचं नाही त्याला तुमच्याकडची प्रत द्या. तो का आणत नाही, ते विचारायचं नाही.

तुम्हाला मोफत सेमिनार देऊ करणारे लोक नक्की येतील. विमा विकणारे, ट्रेडिंगचे क्लास चालवणारे, ॲपवाले. एका कॉलेजात मी बघितलं आहे, व्याख्यानानंतर मुलांकडून नाव, फोन, जन्मतारीख भरून घेतली आणि अठरावा वाढदिवस झाल्याबरोबर फोन सुरू झाले. प्राचार्यांकडून आधीच लेखी ठरवून घ्या: विक्री नाही, फॉर्म नाही, फोन नंबर नाही. पाहुणा हवाच असेल तर जवळच्या शाखेतला अधिकारी बोलवा, किंवा एखाद्या कंपनीत पगार काढणाऱ्या लेखापालाला. त्याच्या इतकं पगारपत्रक कुणालाच कळत नाही. छापील साहित्य हवं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिका आणि नॅशनल सेंटर फॉर फायनान्शियल एज्युकेशनचं शालेय साहित्य फुकट मिळतं, पण ते तुमच्या तयारीसाठी ठेवा. वर्गात वाचून दाखवलं की पोरं झोपतात.

परीक्षा नाही हे उत्तम झालं, पण तपासायला काहीतरी हवं. मी वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला एक करारनामा किंवा कर्जाचा कागद देते, त्यात तीन जागी गडबड पेरलेली असते. डिपॉझिट परतीची मुदत गायब, व्याज फ्लॅट, किंवा पगारपत्रकात बेरीज चुकलेली. एका तासात शोधा आणि समोरच्या माणसाला काय विचाराल ती वाक्यं मराठीत लिहा. मार्क वाक्यांना. गडबड बऱ्याच जणांना सापडते. मालकाला किंवा बँकेतल्या साहेबांना नीट, न घाबरता आणि न भांडता विचारणं हे जास्त अवघड जातं, विशेषतः गावाकडून आलेल्या मुलांना आणि घरी बोलायची सवय नसलेल्या मुलींना. त्यामुळे शेवटचे दोन तास त्या वाक्यांच्या तोंडी सरावालाच राखून ठेवा.

जूनच्या आधी कागद जमवायला लागा. वीजबिल आणि कर्जाची माहितीपत्रकं सहज मिळतात. नियुक्तिपत्र, पगारपत्रक आणि भाडेकरार कुणी पटकन देत नाही. माजी विद्यार्थ्यांना विचारा, नावं झाकून प्रती काढा. पहिल्या तासाला तीन लाखांचं पॅकेज लागणारच आहे.